विचारांचा आराखडा आणि यंत्रांच्या भिंती

प्रबंध असो, व्याख्यान असो की एखाद्या संस्थेचा वार्षिक कार्यक्रम असो, मोठे काम हाती घेण्यापूर्वी त्याचे मुद्दे पाडणे, मुद्द्यांखाली उपमुद्दे घालणे आणि मग त्यांचा क्रम लावणे ही लिहिण्यावाचण्याच्या व्यवहारातील जुनी रीत आहे. कागदावर केलेल्या अशा टाचणाची अडचण एवढीच असते, की तिसरा मुद्दा पहिल्या जागी न्यायचा झाला तर सारे पान पुन्हा लिहावे लागते. संगणकाने ही अडचण दूर केली, परंतु तिच्या जागी दुसरी आणून ठेवली. कार्यालयातील विंडोज संगणकावर तयार केलेली रूपरेषा घरच्या आयपॅडवर उघडत नाही, मॅकवरचा नकाशा अँड्रॉइड फोनवर दिसत नाही, आणि दहा वर्षांपूर्वीची फाइल तर ज्या प्रोग्रामने बनवली तोच बाजारातून गेल्यामुळे कोठेच उघडत नाही. प्लॅटफॉर्म म्हणजे विशिष्ट यंत्र आणि त्यावर चालणारी कार्यप्रणाली यांची जोडी. या जोड्यांमधील भिंती ओलांडणारे साधन कसे शोधावे, हा प्रश्न ब्रिटनमध्ये शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या मराठी माणसांपुढे नेहमी उभा राहतो. त्याचे उत्तर प्रोग्रामच्या देखणेपणात नसून तो प्रोग्राम आपला मजकूर कोणत्या स्वरूपात साठवतो यात आहे.

दोन मांडण्या, एकच रचना

या क्षेत्रातील साधनांचे दोन ठळक वर्ग आहेत. पहिला वर्ग आउटलाइनरचा, म्हणजे मुद्दे आणि उपमुद्दे एकाखाली एक, डावीकडून थोडे आत सरकवून लिहू देणाऱ्या प्रोग्रामचा. साध्या यादीहून तो दोन बाबतींत वेगळा असतो: एखाद्या मुद्द्याखालचा सगळा मजकूर क्षणभर मिटवून फक्त ठळक मुद्दे पाहता येतात, आणि एखादा मुद्दा उचलून दुसरीकडे नेला की त्याचे सर्व उपमुद्दे त्याच्यासोबत जातात. ही कल्पना अमेरिकेतील डग्लस एंगलबार्ट यांनी 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील जाहीर प्रात्यक्षिकात दाखवली, आणि डेव्ह वाइनर यांच्या 1983 मधील थिंकटँक या प्रोग्रामने ती घरगुती संगणकापर्यंत पोहोचवली.

दुसरा वर्ग माइंड मॅपचा आहे. त्यात मध्यभागी विषय लिहून त्याच्याभोवती फांद्या आणि उपफांद्या काढल्या जातात, प्रत्येक फांदीवर एखादाच शब्द ठेवला जातो आणि रंग व चित्रे यांची जोड दिली जाते. हे नाव आणि ही पद्धत लोकांत रुजवण्याचे श्रेय लंडनमध्ये 1942 साली जन्मलेल्या टोनी बुझान यांना दिले जाते. बीबीसीवर 1974 साली दाखवलेली ‘यूज युवर हेड’ ही त्यांची मालिका आणि त्याच नावाचे पुस्तक यांमुळे ही पद्धत ब्रिटनमधील शाळांत आणि कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांत पोहोचली. मेंदूच्या डाव्या आणि उजव्या अर्धगोलांच्या कामाविषयी त्यांनी केलेली मांडणी पुढील संशोधकांना अतिसुलभ वाटली आहे. मात्र पद्धतीच्या उपयोगाविषयी मर्यादित पुरावा मिळतो. लंडनमधील बार्ट्स अँड द लंडन या वैद्यकीय विद्यालयातील 50 विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. माइंड मॅप वापरणाऱ्या गटाला आठवड्यानंतर वाचलेला मजकूर सुमारे 10 टक्के अधिक आठवला, परंतु ही पद्धत वापरण्याचा उत्साह त्याच गटात कमी होता, असे त्या अभ्यासात आढळले. ज्याला चित्रातून विचार करणे रुचते त्याला तिचा लाभ होतो आणि ज्याला रुचत नाही त्याच्यावर ती लादण्यात अर्थ नसतो, एवढा बोध त्यातून घेता येतो.

वरवर भिन्न दिसणाऱ्या या दोन मांडण्यांच्या पोटात रचना एकच असते. माइंड मॅपच्या मध्यभागचा विषय हे रूपरेषेचे शीर्षक, पहिल्या फांद्या हे मुद्दे आणि उपफांद्या हे उपमुद्दे. मध्यभागच्या विषयाखेरीज प्रत्येक घटकाला एकच जनक असतो, म्हणून गणितात अशा रचनेला वृक्ष म्हणतात. याच कारणाने चांगला प्रोग्राम एकच मजकूर कधी यादीच्या आणि कधी नकाशाच्या रूपात दाखवू शकतो. महाराष्ट्रातील पाठ्यपुस्तकांतून विद्यार्थ्यांच्या ओळखीचे झालेले संकल्पनाचित्र मात्र तंतोतंत तसे असेलच असे नाही. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक यांनी 1970 च्या दशकात विकसित केलेल्या संकल्पनाचित्रात एका कल्पनेला अनेक कल्पना जोडता येतात आणि प्रत्येक जोडरेषेवर संबंधाचे नाव लिहिलेले असते, त्यामुळे त्याचे यादीत रूपांतर करताना काही भाग गळतोच.

ब्रिटनमध्ये घडलेली साधने

ब्रिटनने या क्षेत्राला केवळ पद्धत दिली नाही, तर साधनेही दिली. बुझान यांच्या नावाशी जोडलेला आयमाइंडमॅप हा प्रोग्राम 2006 साली वेल्समधील कार्डिफ परिसरातील कंपनीने आणला. तीच कंपनी पुढे ब्राउझरमधून चालणाऱ्या आयोआ या सेवेकडे वळली. स्कॉटलंडमधील ईस्ट किलब्राइड येथे घडलेला माइंडजीनियस हा प्रामुख्याने विंडोजवरचा आणि कार्यालयीन नियोजनाकडे झुकलेला प्रोग्राम आहे.

या सर्वांत लेखकांच्या विशेष परिचयाचे नाव स्क्रिव्हनरचे आहे. कॉर्नवॉलमधील कीथ ब्लाउंट यांनी स्वतःच्या लेखनाच्या गरजेतून तो बनवला. 2007 साली तो मॅकसाठी आला, 2011 मध्ये विंडोजसाठी आणि 2016 मध्ये आयफोन व आयपॅडसाठी. त्यात लेखनाचे तुकडे डावीकडे रूपरेषेसारखे रचलेले असतात, तेच तुकडे फलकावर टाचलेल्या कार्डांसारखे पाहता येतात आणि शेवटी सगळे मिळून एक हस्तलिखित तयार होते. ब्लाउंट यांचाच स्कॅपल हा जोडप्रोग्राम कल्पना कोणत्याही क्रमाविना कागदावर मोकळ्या विखुराव्यात तशा मांडू देतो. स्क्रिव्हनरची साठवण्याची रीत बारकाईने पाहण्यासारखी आहे. त्याचा प्रकल्प विंडोज संगणकावर साध्या फोल्डरच्या रूपात दिसतो. त्या फोल्डरच्या आत लेखनाचा प्रत्येक तुकडा आरटीएफ या जुन्या आणि सर्वत्र वाचल्या जाणाऱ्या स्वरूपात स्वतंत्र फाइल म्हणून पडलेला असतो, आणि त्यांचा क्रम सांगणारी एक वेगळी फाइल त्यांच्याशेजारी असते. उद्या हा प्रोग्राम बंद पडला तरी साध्या वर्ड प्रोसेसरने ते तुकडे उघडता येतील; क्रम पुन्हा लावावा लागेल, पण शब्द हरवणार नाहीत. लिनक्स आणि अँड्रॉइडवर तो उपलब्ध नाही ही त्याची मर्यादा आहे, तरीही मजकुराला बाहेर पडण्याची वाट तो उघडी ठेवतो.

डोम्सडे प्रकल्पाचा धडा

ही वाट का महत्त्वाची, याचे ब्रिटनमधील बोलके उदाहरण म्हणजे बीबीसीचा डोम्सडे प्रकल्प. विजेता विल्यम या राजाच्या आज्ञेने 1086 साली इंग्लंडमधील जमिनींची नोंद करणारा डोम्सडे ग्रंथ तयार झाला होता. त्याला 900 वर्षे पूर्ण झाली त्या निमित्ताने 1986 साली बीबीसीने देशाचे नवे चित्र संगणकावर नोंदवले आणि शाळकरी मुलांसह दहा लाखांहून अधिक लोकांनी त्यात आपापल्या परिसराची माहिती, छायाचित्रे व नोंदी भरल्या. हे सारे खास प्रकारच्या लेझर तबकड्यांवर साठवले गेले, आणि त्या वाचण्यासाठी एकॉर्न कंपनीचा बीबीसी मास्टर संगणक आणि फिलिप्सचे विशिष्ट यंत्र लागत असे. पंधराच वर्षांत ती यंत्रे इतकी दुर्मीळ झाली, की लीड्स आणि मिशिगन या विद्यापीठांच्या संशोधकांना 2002 साली जुन्या संगणकाचे वर्तन नव्या संगणकावर हुबेहूब उतरवून तो मजकूर वाचवावा लागला. चामड्यावर लिहिलेला मूळ ग्रंथ मात्र नऊ शतकांनंतरही डोळ्यांनी वाचता येत होता.

ब्रिटिश सरकारनेही या दिशेने धोरण आखले. सरकारी कार्यालयांनी दस्तऐवजांची देवाणघेवाण करताना ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट हे खुले स्वरूप वापरावे, असे जुलै 2014 मध्ये ठरवण्यात आले. खुले स्वरूप म्हणजे ज्याची रचना प्रसिद्ध केलेली असते आणि जे वाचणारा प्रोग्राम कोणालाही लिहिता येतो असे स्वरूप. सरकारने आपल्या कागदपत्रांसाठी लावलेला हा निकष प्रत्येकाने आपल्या टिपणांसाठी लावणे हिताचे आहे.

फाइलीच्या पोटात काय असते

रूपरेषांच्या जगात असे खुले स्वरूप म्हणजे ओपीएमएल. थिंकटँकच्याच डेव्ह वाइनर यांनी ते 2000 साली पुढे आणले. त्यात प्रत्येक मुद्दा एका खुणेत बंद केलेला असतो आणि त्याचे उपमुद्दे त्याच खुणेच्या आत असतात, त्यामुळे कोणता मुद्दा कोणाखाली येतो हे ती फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडली तरी कळते. मॅकवरील ऑम्निआउटलाइनर, ब्राउझरमधील वर्कफ्लोई आणि डायनालिस्ट, तसेच स्क्रिव्हनर या सर्वांना ओपीएमएल लिहिता आणि वाचता येते. माइंड मॅपच्या जगात अशीच जागा फ्रीमाइंड या मुक्त प्रोग्रामच्या फाइलीने मिळवली आहे. अनेक व्यावसायिक प्रोग्राम ती आत घेऊ शकतात, आणि स्क्रिव्हनरही ती वाचतो. याहून साधे स्वरूप म्हणजे मार्कडाउन. जॉन ग्रुबर यांनी 2004 साली मांडलेल्या या पद्धतीत शीर्षकापुढे एक विशिष्ट चिन्ह आणि मुद्द्यापुढे एक आडवी रेघ एवढ्यावर काम भागते.

स्वरूप बदलताना नेमके काय टिकते आणि काय गळते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. लंडनमध्ये 1932 पासून महाराष्ट्र मंडळ आहे आणि ब्रिटनच्या इतर शहरांतही मराठी मंडळे आहेत. समजा, अशा एखाद्या मंडळाच्या कार्यकर्त्यांनी गणेशोत्सवाचा माइंड मॅप केला. मध्यभागी उत्सव, त्याच्या फांद्या सभागृह, पूजा, प्रसाद, सांस्कृतिक कार्यक्रम आणि विसर्जन. प्रसादाखाली मोदक, शेंगदाण्याचे लाडू आणि वाटपाची पाळी. सभागृहाखाली भाडे, विमा आणि सूचनाफलक. शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी फलक लावायचा म्हणून कोणी लाडवाच्या फांदीपासून सूचनाफलकाच्या फांदीपर्यंत एक तिरकी रेषा काढली आणि लाडवाची फांदी लाल केली. हा नकाशा ओपीएमएलमध्ये काढून दुसऱ्या कार्यकर्त्याच्या आउटलाइनरमध्ये उघडला, तर सर्व मुद्दे आणि उपमुद्दे आपापल्या जागी मिळतील. परंतु लाल रंग जाईल आणि ती तिरकी रेषाही जाईल, कारण वृक्षाच्या रचनेत एका फांदीने दुसऱ्या फांदीला धरण्याची सोय नसते. नेमकी सुरक्षिततेची सूचनाच अशी नाहीशी होऊ शकते. म्हणून जे महत्त्वाचे आहे ते रंगाने किंवा रेषेने न सांगता शब्दांनीही लिहून ठेवावे. ‘शेंगदाण्याचे लाडू: सभागृहात ॲलर्जीचा फलक लावणे’ असा मुद्दा कोणत्याही स्वरूपात टिकतो.

कोणत्या यंत्रावर काय मिळते

मुळात अनेकांकडे आउटलाइनर आधीपासूनच असतो. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये आउटलाइन दृश्य आहे. त्यात आल्ट आणि शिफ्ट दाबून डावा किंवा उजवा बाण दाबला की मुद्दा वरच्या किंवा खालच्या पायरीवर जातो आणि वरचा किंवा खालचा बाण दाबला की तो जागा बदलतो. लिनक्स, मॅक आणि विंडोज या तिन्हींवर मोफत मिळणाऱ्या लिबरऑफिसमध्ये नेव्हिगेटर हेच काम करतो. लहानसहान लेखनासाठी वेगळे काही घेण्याची गरज नसते.

स्वतंत्र प्रोग्राम हवा असेल तर तीन वाटा आहेत. पहिली वाट एकाच कुळातील यंत्रांपुरत्या प्रोग्रामची: ऑम्निआउटलाइनर आणि माइंडनोड हे ॲपलच्या यंत्रांवर सुरेख चालतात, परंतु घरातील एखाद्या व्यक्तीकडे विंडोज वा अँड्रॉइड असेल तर ती व्यक्ती बाहेर राहते. दुसरी वाट अनेक कार्यप्रणालींसाठी स्वतंत्रपणे बनवलेल्या प्रोग्रामची. फ्रीमाइंडमधून 2010 च्या सुमारास वेगळा झालेला फ्रीप्लेन हा मुक्त प्रोग्राम जावा या संगणकभाषेच्या आधारे विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतो. एक्समाइंड फोनवरही मिळतो, आणि सिंपलमाइंड विंडोज, मॅक, आयफोन व अँड्रॉइडवर मिळतो. ऑब्सिडियन आणि लॉगसेक हे टिपणांचे प्रोग्राम संगणकावर आणि फोनवर चालतात. ऑब्सिडियन तर सर्व टिपणे मार्कडाउनच्या साध्या फाइलींतच ठेवतो. तिसरी वाट ब्राउझरमधील सेवांची. ब्रिटनमधील सार्वजनिक ग्रंथालयाच्या संगणकावर किंवा नोकरीच्या ठिकाणच्या लॅपटॉपवर सहसा स्वतःचा प्रोग्राम बसवता येत नाही, आणि शाळेच्या क्रोमबुकची गोष्टही वेगळी नाही. तेथे ही वाट सर्वांत सोयीची ठरते. मात्र मजकूर दुसऱ्याच्या सर्व्हरवर राहतो आणि वर्गणी थांबली की दारही बंद होऊ शकते.

अशा सेवांच्या बाबतीत ब्रिटिश कायदा वापरकर्त्याच्या बाजूने उभा राहतो. युरोपीय नियमावलीवर आधारलेल्या यूके जीडीपीआर या माहिती-संरक्षणाच्या कायद्यात आपली माहिती दुसरीकडे नेण्याचा हक्क आहे. संमतीने किंवा करारानुसार दिलेली आणि संगणकाने हाताळली जाणारी आपली वैयक्तिक माहिती यंत्राला वाचता येईल अशा रूढ स्वरूपात मागता येते, आणि सेवा देणाऱ्याने सामान्यतः महिनाभरात उत्तर द्यायचे असते. तरीही हक्क बजावण्याची पाळी येण्याआधीच दर महिन्याला एक प्रत स्वतःकडे उतरवून ठेवणे अधिक शहाणपणाचे आहे.

देवनागरीची परीक्षा

मराठीत लिहिणाऱ्यांना आणखी एक कसोटी लावावी लागते. देवनागरीला 1991 पासून युनिकोडमध्ये स्थान आहे, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक आहे; तरीही कित्येक वर्षे मराठी मजकूर ठरावीक फॉन्टमध्ये टंकला जात होता आणि तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्याची अक्षरे अर्थहीन दिसत. त्या काळातील फाइली आजही अनेक संस्थांच्या कपाटांत पडून आहेत. युनिकोडमधील मजकुराला हा धोका नाही, पण वेगळ्या अडचणी येऊ शकतात. उदाहरणार्थ, फ्रीमाइंड आपल्या फाइलीत देवनागरी अक्षरे थेट न लिहिता त्यांचे युनिकोड क्रमांक लिहितो, त्यामुळे ‘म’ हे अक्षर नोटपॅडमध्ये 92ई अशा सांकेतिक आकड्याच्या रूपात दिसते. प्रोग्राम ते बरोबर वाचतो, परंतु माणसाला ती फाइल वाचता येत नाही. नकाशाची पीडीएफ काढताना ‘दऱ्या’ आणि ‘क्षेत्र’ यांसारखे शब्द नीट उमटतात का, आणि शोधखिडकीत मराठी शब्द टाकला तर तो सापडतो का, हे पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत.

विद्यार्थ्यांसाठी मदत

डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी शाबूत असूनही वाचन आणि शुद्धलेखन जड जाणे, अशा अडचणी असणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारांची मांडणी चित्रात दिसली की निबंधाचा क्रम लावणे सोपे जाते. ब्रिटनमधील उच्च शिक्षणात यासाठी डिसेबल्ड स्टुडंट्स अलाउन्स हे अर्थसाहाय्य आहे. ते कुटुंबाच्या उत्पन्नावर अवलंबून नसते आणि परत फेडावे लागत नाही. गरजांची पाहणी करून त्यातून साहाय्यक प्रोग्राम दिले जातात आणि माइंड मॅपिंगचे प्रोग्राम त्यात दीर्घकाळ समाविष्ट राहिले आहेत. इंग्लंडमध्ये संगणक घेताना पहिले 200 पौंड विद्यार्थ्याला स्वतः भरावे लागतात. हे साहाय्य तेथील विद्यार्थी-अर्थसाहाय्यास पात्र असणाऱ्यांसाठी असल्याने महाराष्ट्रातून विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांना ते सहसा मिळत नाही. समानता कायदा 2010 प्रमाणे योग्य त्या सोयी करून देण्याचे बंधन मात्र इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधील विद्यापीठांवर सर्वच अपंग विद्यार्थ्यांच्या बाबतीत असते, म्हणून त्यांनीही विद्यापीठाच्या अपंगत्व सेवा विभागाकडे मागणी करण्यास संकोचू नये. दृष्टिहीन विद्यार्थ्यांची गरज याच्या उलट असते: पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामला नकाशापेक्षा रूपरेषा कितीतरी सुलभ जाते. एकत्र काम करणाऱ्या गटाने दोन्ही दृश्ये देणारा प्रोग्राम निवडावा, याचे हे आणखी एक कारण आहे.

खरेदीपूर्वीची चाचणी

प्रोग्राम नवनवे येत राहतात आणि जुने विकले किंवा बंद केले जातात, म्हणून त्यांच्या नावांपेक्षा निवडीची रीत लक्षात ठेवणे अधिक टिकाऊ आहे. प्रथम आपल्या आणि आपल्या सोबत्यांच्या सर्व यंत्रांची यादी करावी. मग प्रोग्रामच्या मोफत किंवा चाचणीच्या आवृत्तीत तीन पायऱ्यांची एक लहान मराठी रूपरेषा लिहावी, तिच्यात एक टीप, एक दुवा आणि एक तिरकी जोडरेषा घालावी, ती ओपीएमएल किंवा मार्कडाउनमध्ये बाहेर काढावी आणि दुसऱ्या यंत्रावरील दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडून काय टिकले व काय गेले ते पाहावे. बाहेर काढण्याची सोय फक्त पैसे भरल्यावर मिळत असेल किंवा केवळ चित्र अथवा पीडीएफच बाहेर निघत असेल, तर तो प्रोग्राम कितीही देखणा असला तरी दीर्घकाळच्या कामासाठी घेऊ नये, कारण चित्रातून मुद्दे पुन्हा सुटे करता येत नाहीत. जो प्रोग्राम या चाचणीत उतरतो तो पुढे मागे पडला, तरी त्यातील अनेक वर्षांची टिपणे उचलून दुसरीकडे नेता येतात. वर्षानुवर्षे अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला, शिक्षकाला, लेखकाला आणि दरवर्षी नव्या कार्यकर्त्यांच्या हाती सूत्रे देणाऱ्या मंडळालाही याच गोष्टीची सर्वाधिक गरज असते.